आंघोळ झाली की दिवस संपतो

ताई, मी ४६ वर्षांची, इंदिरानगरला राहते. २८ व्या वर्षी डाव्या डोळ्याने अचानक धूसर दिसायला लागलं, तिथून एमएसचं, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचं, निदान झालं. आधी अटॅक यायचे आणि जायचे. गेली काही वर्षं अटॅक नाहीत, पण पाय हळूहळू जड होत चाललेत. डॉक्टर म्हणतात, आता सेकंडरी प्रोग्रेसिव्ह, म्हणजे हळूहळू वाढत जाणारी पुढची अवस्था. घरात काठी घेऊन फिरते. पतसंस्थेतली नोकरी सोडली. पण पायांपेक्षा थकव्याने जीव जातो. सकाळी आंघोळ झाली की माझा दिवस संपतो. ओल्या केसांनी पलंगावर बसून राहते, टॉवेल उचलायला हात उठत नाही. दुपारी बोलताना साधे शब्द आठवत नाहीत. सासूबाई म्हणतात, पडून पडून अंग आळसावतं. मिस्टर काहीच म्हणत नाहीत, ते जास्त लागतं. बारावीतल्या मुलावर खेकसते, मग रडते, रडले की आणखी गळून जाते. मी रडते म्हणून थकते की थकते म्हणून रडते? हा थकवा शरीराचा की मनाचा? पुण्याच्या नणंदबाई म्हणतात, यावर गोळी आहे. आणि कधी कधी वाटतं, माझ्यापासून सगळ्यांची एकदाची सुटका व्हावी.

– म., नाशिक

म.ताई,

पत्रातली शेवटची ओळ आधी घेते. ती तुम्ही जाता जाता लिहिल्यासारखी लिहिली आहे, म्हणूनच मला ती सोडवत नाही. 'सुटका व्हावी' हा वैतागून टाकलेला सुस्कारा आहे की जगणंच नको वाटतंय, हे तुम्हीच जाणता. दुसरं असेल, अगदी अधूनमधून असेल, तरी पुढचं वाचायचं राहू द्या आणि आज मिस्टरांना सांगा. 'मला असे विचार येतात' एवढं वाक्य पुरे, त्यापुढे काही समजावत बसायची गरज नाही. घरात बोलवत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. न्यूरॉलॉजिस्टच्याही कानावर घाला. एमएस असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना आयुष्यात कधी ना कधी नैराश्य गाठतं, त्यामुळे डॉक्टरांना हे ऐकायची सवय असते. आणि एमएस बरा होत नाही म्हणून त्याच्यासोबत आलेलं नैराश्यही बरं होणार नाही, असा समज करून घेऊ नका. त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात.

आता तुमचा मुख्य प्रश्न. शरीराचा की मनाचा? मला विचाराल तर हा प्रश्न तुमचा नाहीच, तो घरच्यांच्या नजरेतून तुमच्याकडे आलाय. उत्तर 'शरीराचा' आलं तर तुम्ही आजारी आणि 'मनाचा' आलं तर तुम्ही आळशी, असा त्यामागचा हिशोब. तो मला मान्य नाही.

शरीरात काय चालतं ते आधी सांगते. मज्जातंतूंवरचं आवरण, मायलिन, एमएसमध्ये जागोजागी खराब होतं आणि तिथे व्रण उरतात. प्रोग्रेसिव्ह अवस्थेत आतले तंतूही झिजत जातात आणि मेंदूत एक मंद दाह धुमसत राहतो. तुम्ही पाय उचलायचा ठरवता तेव्हा तो निरोप सरळ जात नाही. आपल्या द्वारका चौकात कोंडी झाली की रिक्षावाला गल्लीबोळातून काढतो तसं. पंचवटीला पोहोचतो आपण, पण वेळ जातो आणि इंधन जास्त जळतं. मेंदूच्या स्कॅनमध्ये हे दिसतं: साधी बोटांची हालचाल करायलाही एमएसच्या पेशंटचा मेंदू इतरांपेक्षा जास्त भाग कामाला लावतो. त्यात ताठरलेल्या पायाने चालण्याची मेहनत वेगळीच. म्हणजे सासूबाईंना तुम्ही नुसत्या बसलेल्या दिसता, तेव्हाही आत काम सुरू असतं.

आणि मन काही या घराबाहेर राहत नाही. ज्या मेंदूत हे व्रण आहेत, तो दाह आहे, त्याच मेंदूतून राग, रडू, उमेद सगळं येतं. त्यामुळे रडते म्हणून थकते की थकते म्हणून रडते, याचं उत्तर दोन्ही. थकव्याने मन खचतं, खचलेल्या मनाने झोप बिघडते, झोप बिघडली की थकवा वाढतो. सुरुवात कुठून झाली ते शोधण्यात फार अर्थ नाही. हे चक्र कुठे अडवता येईल ते बघू.

तरी एक फरक तुमचा तुम्हाला ओळखता येईल. मुलाच्या आवडीचं थालीपीठ करायचं मनात येतं, पण अंग साथ देत नाही, हा बहुतेक एमएसचा थकवा. करावंसंच वाटत नाही, मुलगा समोर बसलाय आणि त्याच्याशी बोलण्यातही गोडी नाही, असं दोनेक आठवडे सलग चाललं, तर नैराश्याचा संशय घ्यायचा. रेघ इतकी स्वच्छ नसते, दोन्ही एकत्रही असतात. डॉक्टरांना मात्र या दोनपैकी काय होतंय ते शब्दांत सांगा, नुसतं 'थकवा येतो' म्हणू नका. आणखी एक: मनात दुःख नसताना अचानक रडू फुटतं, किंवा नको तिथे हसू आवरत नाही, असं होतं का? ते एमएसचंच एक वेगळं लक्षण आहे आणि त्याला औषध आहे. बायका हे लाजेने सांगतच नाहीत.

आता आंघोळ. तुमच्या पत्रात सगळ्यात कामाचं वाक्य तेच आहे.

एमआरआय यायच्या आधी एमएसचा संशय असला की डॉक्टर पेशंटला गरम पाण्याच्या टबात बसवायचे. लक्षणं वाढली की संशय बळावायचा. उटहॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्येच लिहून ठेवलं होतं की काही पेशंटना श्रम केले की तेवढ्यापुरतं अंधुक दिसतं. पुढे कळलं की याचं मूळ शरीराच्या वाढलेल्या तापमानात आहे. अंगाचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी खराब तंतूंमधून निरोप अडकायला लागतात. म्हणजे जी जुनी तपासणी डॉक्टर मुद्दाम करायचे, ती तुम्ही रोज सकाळी गीझर लावून स्वतःवर करताय.

एकदा सावकाश आठवून बघा. दार बंद, खिडकी बंद, छोट्या बाथरूममध्ये वाफ कोंडलेली. उभ्याने आंघोळ, एक हात नळाला धरलेला. डोक्यावरून पाणी घेताना दोन्ही हात वर. पाय घासायला वाकणं. मग ओल्या फरशीवर तोल सांभाळत अंग पुसणं, कपडे चढवणं, आणि माझी खात्री आहे, बादलीतले दोन कपडे पिळून टाकणं. एवढं सगळं निवांत बसायला न मिळता एका दमात.

हे मोडून टाकू. पाणी कोमट, हाताला ऊन लागणार नाही इतपत. बाथरूममध्ये पाठ असलेली, पायांना रबर असलेली प्लास्टिकची खुर्ची ठेवा. पाठ नसलेला बुटका स्टूल नको, त्यावरून उठतानाच दम जातो. भिंतीला पकडायला दांडी बसवून घ्या. खिडकी उघडी. केस धुणं वेगळ्या दिवशी, घरात कोणी असताना. अंग पुसत बसू नका, टर्किशचा गाऊन अंगावर घ्या आणि तशाच पंख्याखाली येऊन बसा, पाणी तो टिपेल. कपडे कोणीही पिळेल, तुम्ही नाही. आणि जमलं तर आंघोळ संध्याकाळीच करा.

इथे तुम्ही म्हणाल, आंघोळ केल्याशिवाय आमच्याकडे ओट्याला हात लावत नाहीत. माहीत आहे मला. सासूबाईंशी वाद घालू नका, 'डॉक्टरांनी सांगितलंय' म्हणा. सुनेने सांगितलेलं जे पटत नाही, ते डॉक्टरांचं म्हटलं की पटतं. सकाळी हातपाय-तोंड धुऊन, कपडे बदलून स्वयंपाकघरात जायची मुभा एवढ्या आजारात मिळायला हवी. नाहीच मिळाली, तर सकाळचा स्वयंपाक तुमच्याकडून काढून घ्या असं मिस्टरांनी सांगावं. दोन्ही गोष्टी एकत्र होणार नाहीत.

उन्हाळ्यात हेच सगळं दुप्पट लागेल. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, आणि तुमचं घर वरच्या मजल्यावर असेल तर दुपारनंतर भिंतीही तापतात. ओला नॅपकिन मानेवर, माठातलं पाणी घोट घोट, कूलरसमोरची जागा तुमची. बाहेरची कामं दहाच्या आत. उन्हाने पाय अडकले, डोळ्यापुढे धूसर आलं, तर घाबरू नका. त्याने मेंदूत नवा व्रण होत नाही, अंग थंड झालं की उतरतं. ताप किंवा ऊन यांचं काही कारण नसताना नवीन अशक्तपणा आला आणि दिवस उलटला तरी तसाच राहिला, तर मात्र डॉक्टरांना फोन. डिसेंबर-जानेवारीत उलटं होतं: थंडीने पाय ताठरतात आणि चालणं महाग पडतं. त्या दिवसांत मोजे आणि पायांवर शाल, पण गरम पाण्याच्या बादल्या नकोत.

दुपारी शब्द सापडत नाहीत म्हणता, त्यातही तापमानाचा हात आहे. दिवस चढतो तसं सगळ्यांच्याच अंगाचं तापमान थोडं वाढतं, दुपारनंतर जास्त. त्यात सकाळपासूनची मेहनत साठलेली असते. बँकेचं काम, मुलाच्या कॉलेजचा फॉर्म, नणंदेशी लांबलचक फोन, हे सकाळी साडेनऊ-दहाला करा. आणि आडवं व्हायचं ते थकल्यावर नाही, थकायच्या आधी. सगळ्यांना हेच सगळ्यात जड जातं. अंगात थोडी ताकद आहे असं वाटलं की आपण चार कामं उरकून घेतो, आणि पुढचे दोन दिवस पलंगावर. घड्याळ लावून, अर्धा-पाऊण तास काम झालं की दहा मिनिटं पाठ टेकायची, बरं वाटत असलं तरी. पोळ्या बसून लाटा, नाहीतर कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून आणा. त्यात कमीपणा वाटत असेल तर तेही मला लिहा, त्यावर वेगळं भांडू.

आता तुम्ही जे लिहिलं नाही ते विचारते. रात्री लघवीला किती वेळा उठता? एमएसमध्ये लघवीच्या पिशवीवरचा ताबा बिघडतो, आणि मग बायका पाणी पिणंच कमी करतात. त्याने लघवी आणखी जळजळीत होते, बद्धकोष्ठता होते, जंतुसंसर्ग होतो. एमएसमध्ये लघवीचा संसर्ग कधी कधी जळजळ न होता, नुसत्या भयंकर थकव्यानेच समोर येतो. अचानक दोन दिवसांत गळून गेलात तर आधी लघवी तपासा. रात्री तीन-चारदा उठणाऱ्या, पायात वांब येऊन जाग येणाऱ्या, घोरताना श्वास अडकणाऱ्या माणसाला एमएस नसता तरी सकाळी थकवाच असता. या तिन्हींवर इलाज आहेत.

तसंच रक्ताचं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, डी जीवनसत्त्व. तुमच्या वयात पाळी जाण्याच्या आधी अंगावरून जास्त जातं, हिमोग्लोबिन घसरतं आणि खापर एमएसवर फुटतं. शाकाहारी असाल तर बी-१२ नक्की बघा, त्याच्या कमतरतेने मज्जारज्जूलाही इजा होते. आणि गोळ्यांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांसमोर बसा. पायांचा ताठरपणा कमी करणारी बॅक्लोफेन किंवा टिझॅनिडीन, मुंग्यांसाठीची गॅबापेंटिन, या सगळ्यांनी सुस्ती येते. वेळ किंवा डोस बदलून बराच फरक पडू शकतो. पण बॅक्लोफेन स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, त्याने फिट येण्यापर्यंत गोष्टी जातात. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारात रोजची कामं सोपी कशी करायची ते शिकवते, डॉक्टर नाही. हे सगळं त्यांच्याशी बोलण्यासाठी लिहितेय.

नणंदबाईंची गोळी. त्या बहुधा अमँटॅडिन किंवा मोडाफिनिलबद्दल म्हणत असतील. थकव्यासाठी या गोळ्या वर्षानुवर्षं लिहून दिल्या जातात. २०२१ मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त एक अभ्यास आला. अमँटॅडिन, मोडाफिनिल, मिथाइलफेनिडेट आणि औषध नसलेली नुसती खोटी गोळी, असं चारही प्रत्येक पेशंटला पाळीपाळीने दिलं, १४१ जणांना. खोट्या गोळीपेक्षा एकही सरस ठरली नाही, त्रास मात्र जास्त झाला. २०२४ मधल्या दुसऱ्या अभ्यासात मोडाफिनिल आणि फोनवरून दिलेलं समुपदेशन, सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी पद्धत), यांची तुलना केली, तर दोन्हींनी सारखाच फरक पडला आणि दोन्ही एकत्र देऊन वेगळं काही हाती लागलं नाही. एखाद्याला गोळी लागू पडते, डॉक्टरांनी दिली तर घेऊन बघा. पण पुण्याहून कुरियरने मागवू नका. आणि समुपदेशकाकडे जाणं म्हणजे 'मनाचा आजार' कबूल करणं नाही. त्या सीबीटीने थकवा कमी झाला, एवढंच बघा.

व्यायामाबद्दल लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय, कारण सासूबाईंच्या बोलण्यात एक कण खरा आहे. पडून राहिल्याने स्नायू खरंच ढिले पडतात आणि मग तेच काम आणखी थकवतं. पूर्वी एमएसच्या पेशंटना डॉक्टरच व्यायाम करू नका म्हणायचे. आता उलट सांगतात, थोडा आणि नेमाने केलेला व्यायाम थकवा आणि मनःस्थिती दोन्ही सुधारतो. पण तो 'उठ आणि कामाला लाग' असा नाही. एमएस माहीत असलेल्या फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्या. खुर्चीतून उठणं-बसणं, बसून पाय उचलणं, भिंतीला धरून टाचा वर करणं, असं काही. सकाळी, पंख्याखाली, आधी गार पाण्याचे घोट घेऊन. दुसऱ्या दिवशीपर्यंत थकवा रेंगाळला तर जास्त झालं, पुढच्या वेळी कमी करा.

मिस्टरांच्या गप्प बसण्याबद्दल. तुम्ही त्याचा अर्थ 'कंटाळलेत' असा लावलाय. मला अशा नवऱ्यांशी बोलायची वेळ येते, बहुतेकांना काय बोलावं तेच कळत नसतं. विचारलं तर ही रडेल, नाही विचारलं तर चिडेल. त्यांना दहापैकी आकडा सांगायला लागा. कामावरून आले की 'आज तीन आहे.' तीन असेल तर खिचडी आणि कोणी काही विचारायचं नाही. सात असेल तर गंगापूर रोडला चक्कर. मुलालाही हाच आकडा सांगा. खेकसलात तर नंतर 'मघाशी दोन होता रे' एवढं म्हणा, त्याला कळेल. थकवा लपवून हसतमुख राहण्यात किती शक्ती जाते, याचा तुम्ही हिशोबच धरलेला नाही. 'तब्येत तर छान दिसतेय की' म्हणणाऱ्यांसमोर तासभर छान दिसून झालं की पुढची दुपार जाते.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढलं नसेल तर काढा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आहे. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन होतो, पुढे सरकारी रुग्णालयात तपासणी. सकाळी ताज्यातवान्या असताना चालून दाखवू नका, रोज जसं चालता तसं चाला आणि न्यूरॉलॉजिस्टचे सगळे कागद सोबत ठेवा. रांगेत बसायला कोणीतरी बरोबर न्या.

आणि २०२७ चा सिंहस्थ. तुम्ही तो लिहिला नाहीत, पण इंदिरानगरच्या घराला हे टळणार नाही. मावससासऱ्यांपासून मिस्टरांच्या शाळेतल्या मित्रांपर्यंत सगळे 'फक्त दोन दिवस' म्हणून उतरतील, तेही ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत. आत्तापासून घरात ठरवा, किती जण आणि कोणत्या तारखांना. तेवढ्या दिवसांसाठी स्वयंपाकाला बाई आधीच सांगून ठेवा, ऐन वेळी मिळणार नाही. एक खोली तुमची, तिचं दार बंद राहील. आणि 'राहायला या, जेवणाचं बाहेर बघू' हे फोनवर मिस्टरांनी सांगायचं, तुम्ही नाही.